उत्तमरावांची भाऊबीज

जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहणारं बॅनर मी आयुष्यात एकदाच छापलं. छापताना तो माणूस जिवंत आहे हे मला ठाऊक नव्हतं, त्याच्या बायकोला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांनी ते छापायला सांगितलं त्यांना ठाऊक करून घेण्याची काही गरज वाटत नव्हती.

वारंगा फाट्यावर माझं बॅनरचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, दहावीचा निकाल, दशक्रिया विधी, सगळं एकाच मशीनमधून निघतं. या धंद्यात माणसाचा चेहरा फार जवळून बघावा लागतो. कुणाचे डाग काढायचे, कुणाला केस लावायचे, कुणाच्या अंगात कोट घालायचा. असे कितीतरी चेहरे हाताखालून गेले आणि विसरलेही. उत्तमराव ड्रायव्हरचा तेवढा राहिला.

उत्तमराव माझ्यापेक्षा बरेच मोठे. मी त्यांना दादा म्हणायचो. अंगानं आडवे, आवाज खालचा, आणि समोरच्याचं आधी मान्य करून टाकायची सवय. "बराबर हाय तुमचं," म्हणायचे आणि मग तुमच्या बोलण्याच्या नेमकं उलटं जे असेल ते सावकाश सांगायचे. भांडायला आलेला माणूससुद्धा त्या 'बराबर'मुळं खाली बसायचा आणि तिथंच फसायचा.

ते ट्रक चालवायचे, पण खरा धंदा गोष्टी सांगण्याचा. एकदा एक वऱ्हाड त्यांच्या गाडीत होतं, नवरदेवासकट. वाटेत चहाला थांबले आणि घाटात आपल्या केबिनमध्ये बिबट्या कसा येऊन बसला ते सांगू लागले. वऱ्हाड ऐकत बसलं. नवरदेव बाशिंग मांडीवर घेऊन ऐकत बसला. मांडवात पोचले तेव्हा मुहूर्त टळून गेला होता आणि मुलीचा बाप फाटकात उभा होता.

"मुहूर्त टळला की हो," तो म्हणाला.

"बराबर हाय मामा, टळलाच," उत्तमराव म्हणाले. "पण पोराला पुढं चाळीस वर्षं संसार करायचा हाय. त्यात तासाभराचं काय घेऊन बसले?"

जेवणाच्या पंगतीत त्याच बापानं हळूच विचारलं म्हणे, "मंग त्या बिबट्याचं पुढं काय झालं?"

असा हा माणूस एका उन्हाळ्यात वसमतहून हळद भरून तमिळनाडूत इरोडच्या बाजाराला गेला आणि आला नाही. हळद पोचली. गाडी बाजाराच्या आवारात नीट लावलेली सापडली, चावी पहारेकऱ्याकडं. अपघात नाही, भांडण नाही, पोलिसात काही नाही. गाडीचा मालक दुसरा ड्रायव्हर पाठवून गाडी घेऊन आला. उत्तमरावांची बायको कलावहिनी त्या गाडीच्या केबिनमध्ये चढली, त्यांची चादर आणि डबा घेऊन खाली उतरली. रडताना तिला कुणी पाहिलं नाही. काही दिवसांनी तिनं फाट्यावरच्या त्यांच्या वडिलोपार्जित तुकड्यावर चार पत्रे टाकले आणि चहा सुरू केला. मग पोहे. मग पिठलं-भाकरी आणि ठेचा. तिच्या हातच्या ठेच्यासाठी ट्रकवाले नांदेड सोडून इथं थांबू लागले. मूल-बाळ नव्हतं. बोलणं पहिल्यापासून कमी, ते आणखी कमी झालं.

मग महामार्ग रुंद व्हायची बातमी आली, आणि त्या तुकड्याचं तोंड नेमकं नव्या रस्त्याला लागणार असं कळलं. त्या आठवड्यापासून कलावहिनीच्या एकटेपणाची काळजी गावाला वाटू लागली.

सगळ्यात जास्त काळजी तिघांना वाटली. पहिले बंडूभाऊ, भावी जिल्हा परिषद सदस्य. भावी हा शब्द त्यांच्या नावाआधी इतकी वर्षं होता की शाळेतल्या पोरांना ते त्यांचं पहिलं नाव वाटायचं. त्यांची बायको माहेरी हट्टा गावी गेली ती तिकडंच राहिली, त्यामुळं बंडूभाऊ स्वतःला कागदोपत्री मोकळा म्हणवून घ्यायचे. दुसरे दत्तराव, खत-बियाण्याचे दुकानदार, विधुर. ते केस काळे करून यायचे आणि येताना बियाण्याचं एक पाकीट आणायचे. कधी भेंडी, कधी दोडका. यापेक्षा नाजूक भेट त्यांच्या दुकानात नव्हती. तिसरा पुंडलिक, उत्तमरावांचा चुलतभाऊ. त्याचं लग्नच झालं नव्हतं. "घरातलं घरात राह्यलं पायजे," एवढंच तो म्हणायचा, आणि ते म्हणत म्हणत तिन्ही वेळा तिथंच जेवायचा.

जेवायचे तिघंही. बिल मागायची सोय नव्हती, कारण प्रत्येकजण ते हॉटेल आपलंच आहे असं धरून बसलेला. बंडूभाऊ कार्यकर्ते घेऊन यायचे. दत्तराव कंपनीचे प्रतिनिधी आणायचे. पुंडलिक काही आणायचा नाही, पण दुपारी खाट टाकून झोपायचा.

कलावहिनीनं कुणालाच नाही म्हटलं नाही. ती म्हणायची, "रस्त्याचं काम तर होऊन जाऊ द्या. मंग बघू."

तिघांना हे पटलं. रस्ता झाल्यावर भाव कळेल, असा प्रत्येकानं अर्थ लावला. आपल्याकडं रस्त्याचं काम कसं चालतं ते कलावहिनीला त्या तिघांपेक्षा चांगलं कळत होतं. एक बाजू झाली की दुसरी खोदायची, दुसरी झाली की पहिलीत पाइप राहिले म्हणून परत पहिली. पावसाळा आला की बंद, पावसाळा गेला की मजूर नाहीत. या कामावर मुरूम टाकायला टिप्पर बंडूभाऊंचे होते. रस्ता लवकर व्हावा म्हणून ते निवेदनं द्यायचे, त्याचे फोटो मी छापायचो, आणि तिकडं त्यांचेच टिप्पर काम लांबावं म्हणून जिवाचं रान करायचे. प्रेम आणि मुरूम यांच्यामध्ये माणूस असा पिळून निघालेला मी दुसरा पाहिला नाही.

मधल्या काळात कुणीतरी सांगितलं, सात वर्षं पत्ता नसला की माणूस कायद्यानं मेलेला धरता येतो. कलावहिनी कोर्टात जायला तयार नव्हती. बंडूभाऊ म्हणाले, "कायद्याचं मागून बघू. आधी लोकांच्या मनात उत्तमराव मेला पायजे." म्हणून शोकसभा ठरली आणि ते तिघं माझ्या दुकानात आले.

फोटो लायसनवरचा होता. बंडूभाऊंनी त्याला कोट घालायला लावला. उत्तमरावांनी जन्मात कोट घातला नव्हता. खाली 'शोकाकुल' म्हणून तिघांचे फोटो, गॉगल लावलेले, आणि प्रत्येकानं आपला थोडा मोठा करून घेतल्यामुळं मयताचा फोटो सगळ्यात लहान झाला. शोकसभा कलावहिनीच्याच हॉटेलात झाली, जेवण तिनंच केलं. ती बाहेर आली नाही. गळ्यातलं मंगळसूत्र आणि कपाळावरचं कुंकू होतं तसं राहिलं. सभा उठल्यावर तिनं बॅनर सोडवलं आणि मागं भांडी घासायच्या जागेवर छत म्हणून बांधून टाकलं.

"वहिनी, फोटो हाय त्याच्यावर," मी म्हणालो.

"कापड चांगलं हाय," ती म्हणाली. "पाणी आत येत न्हाई."

तर असा तो रस्ता एकदाचा झाला. उड्डाणपूल सुरू झाला, फीत कापली गेली, पुढं ढकलायला काही उरलं नाही. तिघांनी मिळून निरोप दिला की दिवाळी झाली की आता तोंड उघडावं लागेल. ज्याला नकार मिळेल त्यानं मनात धरायचं नाही, असंही ठरलं. एकानंही ते खरं मानलं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला तमिळनाडूकडून आलेल्या एका ट्रकमधून एक म्हातारा उतरला. वाळलेला, पांढरी दाढी, पुढचे दात गेलेले, कमरेला लुंगी. त्यानं काम मागितलं. कलावहिनीनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मागं भांडी पडल्यात." तो मागं गेला आणि स्वतःच्या श्रद्धांजलीखाली बसून भांडी घासू लागला.

ते उत्तमराव आहेत हे फाट्यावर कुणाला कळलेलं दिसलं नाही. मलाही कळलं नाही. सगळे त्यांना म्हातारबा म्हणायचे. तिघं तर त्यांना राजेशाही थाटात दिवसभर राबवायचे. पुंडलिक पाय चेपून घ्यायचा. एकदा चेपून घेता घेता त्यानं विचारलं, "तिकडं उत्तम नावाचा कोणी ड्रायव्हर भेटला काय?"

म्हातारबा म्हणाले, "भेटला का म्हंजे? माझ्या मांडीवर मेला." आणि त्यांनी आजार, दवाखाना, शेवटचे शब्द, असं सगळं इतकं रंगवून सांगितलं की सांगता सांगता स्वतःच रडले. पुंडलिकालाही रडू आलं, मग आनंद झाला, आणि त्यानं कलावहिनीच्या टोपल्यातली एक जादा भाकरी काढून म्हातारबाला दिली. दुसऱ्या दिवशी त्याच म्हातारबांनी दत्तरावांना सांगितलं की उत्तम नावाचा एकजण बैरागी होऊन डोंगरात गेला. बंडूभाऊंना सांगितलं, तो समुद्रात मासेमारीच्या बोटीवरून पडला. ज्याला जो शेवट सोयीचा, तो त्याला मिळाला. नंतर तिघांचं आपसात जमेना. बैरागी परत येऊ शकतो म्हणून दत्तराव घाबरले, आणि बुडालेल्या माणसाला मांडीवर मरण कसं येईल यावरून बंडूभाऊ आणि पुंडलिकाची जुंपली.

दिवाळीच्या तोंडावर म्हातारबा माझ्या दुकानात आले. स्टुलावर बसले, एक पाय वर घेतला.

"एक बॅनर करायचं हाय," म्हणाले.

"कोणाचं?"

"मागल्या बॅनरवर खाली ज्यांचे फोटो हायेत, त्यांचंच. तिघांचा सत्कार ठेवलाय भाऊबीजेला."

"अन् मधला फोटो?"

"तो काढ. तो सोता हजर राहणार हाय."

मी मशीनवरून हात काढला. जवळून बघितलं. कान तेच होते, कोट घालताना मीच ते कापून बसवले होते.

"दादा?"

"बराबर वळखलं," ते म्हणाले. "लई येळ लागला तुला. बिनकोटाचा हाय म्हणून आसंल."

बायकोला सांगितलं का, असं विचारलं तर म्हणाले, "तिला काही पत्ता न्हाई. त्याच दिवशी सकाळी सांगतो." आपली हुशारी कशी साधली याचा आनंद त्यांच्या बिनदाताच्या तोंडभर होता. मग त्यांनी मोबाईल काढून आणखी एक फोटो दाखवला. दुधाचे कॅन सायकलवरून सोडवणारा एक माणूस, पाठमोराच म्हणावा इतका तिरका.

"ह्याचा बी टाक. चौथा."

तो हिरामण राठोड होता, पलीकडच्या तांड्यावरचा. बायको वारलेली. रोज सकाळी हॉटेलात दूध घालायचा. बोअरची मोटार बिघडली की पाइप ओढायला यायचा, पत्रे उडाले की बसवून द्यायचा, आणि उभ्या उभ्या चहा घेऊन जायचा. कधी फुकट जेवला नाही. त्याचं नाव या भानगडीत कुणी घेतलंच नव्हतं. तांड्यावरच्या माणसाचं नाव असं कुणी घेणारही नव्हतं.

"हिरामणचा काहून, दादा? तो तर दूध घालतो फक्त."

"बराबर हाय. दूधच घालतो," उत्तमराव म्हणाले. "पण चहा पिताना तो तिच्याकडं बघत न्हाई."

"मंग?"

"बाकीचे तिघं बघतात."

त्यांनी मोबाईल बंद करून खिशात ठेवला. तेव्हा मला कळलं की तिघांचा सत्कार ही वरवरची गोष्ट आहे. सगळा घाट चौथ्या खुर्चीसाठी आहे.

भाऊबीजेला सकाळी हॉटेलासमोर मांडव, खुर्च्या, माईक. वर बॅनर: 'बंधुप्रेमाचा सत्कार'. चौघांचे फोटो, खाली 'आयोजक: एक ऋणी'. शाल-श्रीफळ दिसल्यावर बंडूभाऊंना दुसरं काही दिसत नाही. ते सगळ्यात आधी येऊन बसले आणि कोण ऋणी म्हणून चौकशी न करता माईक तपासला. दत्तराव ताजे केस काळे करून आले. पुंडलिक तिथंच होता. हिरामण दूध घालायला आला, त्याला लोकांनी धरून चौथ्या खुर्चीवर बसवलं. तो कॅन दोन्ही पायांमध्ये धरून बसला. गाव जमलं होतं, बायाही होत्या.

मग आतून उत्तमराव आले. दाढी केलेली, पांढरा सदरा, डोक्याला टोपी. म्हातारी माणसं आधी उठून उभी राहिली.

पुंडलिक म्हणाला, "हा उत्तम न्हाई. उत्तम मेला. ह्याच म्हाताऱ्यानं मला सांगितलं."

"बराबर हाय पुंडलिका," उत्तमराव माईकवर म्हणाले. "मीच सांगितलं."

मग त्यांनी भाषण केलं. असं गोड भाषण मी दुसरं ऐकलं नाही. "मी न्हवतो तव्हा माझं घर ह्यांनी सांभाळलं," ते म्हणाले. "दत्तरावांनी दर हंगामाला बियाणं दिलं. बंडूभाऊंनी हॉटेलला गिऱ्हाईक कमी पडू दिलं न्हाई, सोताच माणसं आणून जेवू घातले. पुंडलिकानं तर घर सोडलंच न्हाई, दिवसाबी झोपून राखण केली. सख्खा भाऊ एवढं करत न्हाई. आज माझी बायको ह्यांना ओवाळणार हाय."

कलावहिनी ताट घेऊन बाहेर आली. कुंकू, अक्षता, निरांजन. तिघांचे चेहरे मी समोरून पाहिले. नको म्हणायची सोय नव्हती. चार गावांसमोर भाऊबीजेच्या दिवशी ओवाळून घ्यायला नकार द्यायचा, तर मग इतकी वर्षं कशासाठी येत होतो ते सांगावं लागलं असतं. वहिनीनं बंडूभाऊंना टिळा लावला. त्यांनी डोळे मिटून घेतले, कॅमेरे होते म्हणून थोडं हसलेही. दत्तरावांनी ओवाळणी घालायला गडबडीत खिशात हात घातला, तर पालकाच्या बियाण्याचं पाकीट निघालं. तेच त्यांनी ताटात ठेवलं. पुंडलिकाच्या वेळी मागून एक म्हातारी म्हणाली, "दिराला कोणी ओवाळतं काय गं?"

"आज चालतं," कलावहिनी म्हणाली.

लोक हसले. उत्तमराव हसले. ती चौथ्या खुर्चीपुढं आली. हिरामण खाली बघत होता. तिनं ताट वर उचललं, आणि तसंच खाली आणून बाजूच्या टेबलावर ठेवलं.

"ह्यांना न्हाई ओवाळणार," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण माईक जवळ होता. "ह्यांना मी कधी भाऊ म्हणलं न्हाई. देवाच्या दिव्यापुढं खोटं करणार न्हाई."

भोंग्यातून उत्तमरावांचा श्वास ऐकू येत होता. ते माईक हातात धरून उभे होते. कुठलंही वाक्य 'बराबर हाय'नं सुरू करणारा तो माणूस, आणि त्याला ते दोन शब्द सापडेनात. हिरामण उठला, कॅन उचलला, आत स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला आणि सायकल घेऊन निघून गेला.

"जेवायला बसा सगळे," कलावहिनी लोकांना म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. "अन् तुमी. मागं भांडी पडल्यात."

"तू मला वळखलं व्हतं?" त्यांनी विचारलं. माईक अजून चालूच होता.

"गाडीतून उतरतानाच," ती म्हणाली. "भांडी घासायला माणूस पायजेच व्हता."

यानंतर लोकांना वाटलं, एकतर ती त्यांना हाकलेल, नाहीतर ते हिरामणला गाठतील. दोन्ही झालं नाही. उत्तमरावांची पथारी बाहेरच्या पत्र्याखाली पडली. भांडी ते घासतच राहिले. हिरामणचं दूध येत राहिलं, पण तो आत येईना. कॅन पायरीवर ठेवायचा आणि घंटी वाजवून जायचा. पहिले काही दिवस कलावहिनी बाहेर येऊन कॅन उचलायची. नंतर उत्तमराव उचलू लागले. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते.

सूड म्हणावा तर तो तिघांवर चांगलाच उगवला. गावातल्या बाया दत्तरावांना 'कलाबाईचा भाऊ' म्हणून ओळखू लागल्या आणि बियाणं उधार मागू लागल्या. पुंडलिकाला जेवायला स्वतःच्या घरी जावं लागलं, तर तिथं चूलच नव्हती. पण बंडूभाऊंचं मला कौतुक वाटतं. पुढच्या दिवाळीला त्यांनी माझ्याकडून स्वतःचं बॅनर करून घेतलं: 'माता-भगिनींचा लाडका भाऊ'. खाली कलावहिनी त्यांना टिळा लावतानाचा फोटो. भावी तेवढं तसंच होतं. उत्तमरावांनी ते बॅनर उड्डाणपुलाखाली उभं राहून वाचलं आणि मला म्हणाले, "ह्या माणसाला मारायचं म्हणलं तरी त्याचा फायदाच व्हतो."

त्याच हिवाळ्यात ते एका दुपारी दुकानात येऊन बसले. काम काही नव्हतं. त्यांनी परागंदा असतानाच्या इतक्या गोष्टी लोकांना सांगितल्या होत्या, तुरुंग, बोट, स्मृती जाणं, की आता कुणी विचारत नव्हतं. मीही विचारलं नाही. तेच बोलू लागले, आणि या वेळी हात हलवत नव्हते.

"इरोडला बाजाराजवळ एक बाई खानावळ चालवायची," ते म्हणाले. "नवरा कुठं तरी गेलेला, आलाच न्हाई. गाडी लावली, आठ दिवस थांबू म्हणलं. कोणी मला हाक मारणारं न्हाई, कोणी काम सांगणारं न्हाई, लई हलकं वाटलं. मंग उशीर झाला. मंग उशीर झाल्याची लाज वाटू लागली. मंग लाजेचीच सवय झाली. आमी चार-पाच जण तिथंच पडून राह्यचो. जेवायचो. तिला म्हणायचो, काही लागलं-सवरलं तर सांग."

"ती काय म्हणायची?"

"काहीच न्हाई. बाजाराची नवी इमारत झाली की बघू, म्हणायची."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"एका दिवशी मला म्हणली, तू जा आता घरी. तुझ्याबी घरी कोणी जेवायला बसलं आसंल. तिकडची भाषा मला फार येत न्हाई, पण एवढं बराबर समजलं." त्यांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं. "इथं आलो, बंडूभाऊला जेवताना बघितलं. तो हात धुतो न्हाई का, ताटातच, अन् मंग बाईकडं बघून ढेकर देतो. मी बी तसाच धुवायचो."

"हे वहिनीला सांगितलं?"

"सांगितलं."

"मंग?"

"म्हणली, भांडी घासता तुमी चांगले."

त्यानंतर काही दिवसांनी, हळदीच्या गाड्या सुरू झाल्या त्या आठवड्यात, मी सकाळी शटर उघडत होतो. समोर हॉटेलच्या पायरीशी हिरामण सायकलवरून कॅन सोडवत होता आणि उत्तमरावांनी सायकल धरली होती. उत्तमराव काहीतरी बोलले. हिरामणनं मान हलवली. मधून गाड्या जात होत्या, मला ऐकू आलं नाही. उत्तमरावांनी कॅन उचलून आत नेला आणि खांद्याला पिशवी लावून बाहेर आले. मागं कलावहिनी आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. त्या तिनं त्यांच्या हातात दिल्या. दोघं क्षणभर उभी राहिली, जसं बसथांब्यावर कुणीही उभं राहतं. मग वहिनी आत वळली आणि जाता जाता म्हणाली, "हिरामण, चहा झालाय."

हिरामणनं चपला पायरीवर काढल्या.

पुढं मी त्याला विचारलं होतं, उत्तमदादा काय म्हणाले म्हणून. तो बोलायला वेळ घेतो. म्हणाला, "म्हणले, तू दुधात पाणी घालत न्हाईस, एवढं मला ठाऊक हाय." आणि कुठं चाललो ते सांगितलं का? "वहिनीला सांगितलं. मला इचारून न्हाई गेले, तिला इचारून गेले."

मी मात्र त्या सकाळी त्यांना शेवटचं पाहिलं. हळदीच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक थांबला, ते केबिनमध्ये चढले. गाडी उड्डाणपुलाला लागली तेव्हा काचेतून त्यांचे दोन्ही हात वर गेलेले दिसले, काहीतरी भलं मोठं दाखवत होते, आणि ड्रायव्हर रस्त्याकडं न बघता त्यांच्याकडं बघत होता. ट्रक इतका हळू झाला की मागं गाड्यांची रांग लागली. सगळे हॉर्न वाजवत होते. पुलाच्या माथ्यापर्यंत ती रांग तशीच गेली.